खळ आधी आबांनी खायची

माझ्या वडिलांनी मला लहानपणी एकदाच उचलून घेतलं होतं, आणि त्याला पुरावा आहे. फोटोत मी त्यांच्या दोन तळव्यांवर आडवा पडलोय, ते माझ्याकडे न बघता समोर बघताहेत आणि मला त्यांनी अंगापासून चांगलं हातभर लांब धरलंय. आई म्हणते, ओल्या खळीचं पुस्तक असंच धरतात. दाबलं तर कणा वाकतो आणि अंगाशी धरलं तर शर्ट खराब होतो.

बाबा बाइंडर होते. शाळांची, वाचनालयांची, कचेऱ्यांची मोडकीतोडकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि ताठ मानेने परत जायची. बांधणीखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. आता निवृत्त झाले तरी भाजीवाला "काय बाइंडर, आज काय देऊ?" असंच विचारतो. त्यांनी बांधलेलं पुस्तक टेबलावर मधोमध उघडून ठेवलं की आपणहून मिटत नाही, हा त्यांचा अभिमान. आणि त्यांच्या घरात दोन पोरं आपणहूनच वाढली, हा आईचा टोमणा. दोन्ही खरं आहे. आम्हाला अंघोळ घालणं, भरवणं, शाळेत सोडणं, शाळेतून आमच्याबद्दल ऐकून घेणं, हे सगळं आईने इस्पितळातली नर्सची ड्यूटी सांभाळून केलं. बाबांनी आमच्या वह्यांना कव्हरं घातली. कव्हरं मात्र अशी, की वर्गात मार खायचा तो मी आणि कौतुक व्हायचं ते वहीचं.

तर अशा माणसाने एका संध्याकाळी, सगळे जेवायला बसलेले असताना, "मी आहे ना" असं म्हटलं. नक्की कोण बोललं म्हणून आम्ही इकडेतिकडे पाहिलं.

प्रसंग असा होता. ताईची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. तिला आम्ही कारभारीण म्हणतो, कारण घरातली कुठली वस्तू कुठे असावी याबद्दल तिची मतं पक्की आहेत. आधी ती पाळणाघरात जायची. एक दिवस कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन आली. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, सकाळी येतानाच होतं की!" सकाळी तर ताईनेच तिचं तोंड धुतलं होतं, केस बांधले होते. टेंगूळ दोन दिवसांत उतरलं. ताईच्या मनातून ते काही उतरलं नाही. पोरगी पडली याचं तिला एवढं वाटलं नाही, पोरं पडतातच. पडल्याचं कुणी सांगितलं नाही, हे तिला गिळवेना. पाळणाघर बंद झालं, आणि त्याबरोबर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतली तिची नोकरीही. भावोजी फिरतीवर म्हणून मायलेकी आमच्याकडेच, आईची ड्यूटी सकाळची, मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत डेपोत. घरात दिवसभर मोकळं असं एकच माणूस होतं, आणि त्याला कुणी मोजतच नव्हतं.

आता प्रयोगशाळेने निरोप धाडला होता: पुढच्या सोमवारपासून परत येणार का? नसेल तर दुसऱ्या कुणाला घेतो. ताईला ती जागा किती हवी होती ते तिच्याकडे बघूनच कळत होतं. ती भात कालवत होती, खात नव्हती.

"तुम्ही?" आई म्हणाली. "अहो, ती वही नाही. काल वजनाखाली दाबून ठेवली आणि आज उघडली, असं होत नाही."

"मग काय करायचं असतं ते सांग. मी करतो."

"बाबा, तिला दिवसभर काहीतरी लागतं हातात," ताई म्हणाली. "नुसतं बसवून नाही चालत."

"हातात द्यायचं माझ्याकडे कागदाशिवाय आहे काय? कागदाचंच काहीतरी करू."

ताईने आईकडे पाहिलं, आईने छताकडे पाहिलं. शेवटी ठरलं की सोमवारच्या आधीचा हा आठवडा बाबांना द्यायचा आणि ताईने मुद्दाम दिवसभर बाहेर राहायचं. निभावलं तर ताई कामावर जाईल, नाही तर जागेवर पाणी सोडेल. सकाळी मी घरी असतो म्हणून हेराचं काम माझ्याकडे आलं. ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काही झालं तर मला खरं सांग." मी म्हटलं, "मी कधी खोटं सांगितलंय?" त्यावर ती जे हसली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. मोजपट्टी, हाडाची पट्टी, दाभण, धारदार सुरी, सगळं स्वैपाकघराच्या जमिनीवर ओळीने मांडलं. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा घेतला, जुन्या कॅलेंडरचं एक पान घेतलं आणि अशी होडी केली की तिला फक्त समुद्राचीच कमी होती. कारभारणीने ती डोक्यावर घातली, मग उलगडली, मग तिच्यावर बसली.

बाबांनी दुसरी योजना काढली. रंगीत कागदाचे चौकोन त्यांनी कापायचे, पुठ्ठ्यावर रेघ मारायची आणि कारभारणीने रेघेवर चौकोन चिकटवायचा. तिने पहिला चौकोन बाबांच्या गुडघ्यावर चिकटवला. दुसरा रेघेच्या जवळपास बसला. बाबांनी मान तिरकी करून पाहिलं. "वाकडं." त्यांनी तो उचलला आणि सरळ लावला. तिसरा. "वाकडं." चौथा. "वाकडं." मी चहा पीत बघत होतो. मनात म्हटलं, ताई, तुझी नोकरी गेली.

दुपारी आई घरी आली. आधी तिने सुरी पाहिली. सुरी पाहून ती जे बोलली त्याने पेटी जागच्या जागी बंद झाली आणि कुलूप लागलं. किल्ली आईला हवी होती, पण बाबांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. "पेटी माझी आहे. उघडणार नाही म्हटलं ना?" मग कारभारीण आजीला भेटायला आली, आजीच्या अंबाड्याकडे बोट केलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "वाकडं!" रात्रीपर्यंत आमच्या घरातलं दार, कुकर, माझं नाक आणि फोनवर दिसणारे भावोजी हे सगळं वाकडं ठरलं होतं.

"शिकवलंत हो चांगलं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेलरकाकूही नातवाला घेऊन दारात. हा कारभारणीच्याच वयाचा, गोल, शांत आणि सतत तोंड चालू असलेला. त्याचं नाव ढब्बू. ढब्बू खातो. म्हणजे काय खातो असं विचारायचं नसतं, काय खात नाही ते विचारायचं.

"भाऊ, एकाला सांभाळता तसं दोघांना सांभाळा," काकू म्हणाल्या. "माझ्या मशीनच्या पट्ट्यात हात घालतो हो मेला. आणि सांगून ठेवते, साबण दूर ठेवा."

"साबण खातो?"

"आवडीने."

आदल्या संध्याकाळी ताईने येताना दुकानातून गोंदाची कांडी आणली होती. ढब्बूने तिचं टोपण काढलं, वास घेतला आणि केळ्याचा घ्यावा तसा चावा घेतला. बाबांनी त्याच्या तोंडात बोट घालून कांडी काढली, खळखळून चूळ भरवली आणि ठरवलं, की घरातच खळ शिजवायची. खळ म्हणजे पीठ आणि पाणी, मंद आचेवर घोटून. बांधणीखान्यात ते रोज सकाळी हेच करायचे. "खाल्ली तरी पीठच खाईल," ते म्हणाले. तिथवर डोकं ठिकाणावर होतं.

हत्यारांना कुलूप लागल्यामुळे बाबांचं मात्र अवघड झालं. बिनहत्याराचा बाइंडर म्हणजे बिनचाकाची सायकल. उभी राहते, पण कुणाकडे बघायचं ते तिला कळत नाही. जमिनीवर मांडी घालून ते नुसते वर्तमानपत्र वाचत बसले. समोर दोन पोरं. कारभारणीने समोरून पानाची वरची कड धरली आणि ओढली. फर्र. पान वरपासून खालपर्यंत फाटलं, अगदी सरळ, पट्टी लावून फाडावं तसं.

मला वाटलं, आता ओरडतील. बाबांनी ती पट्टी उचलली. उजेडाकडे धरली. मग त्यांनी मला हाक मारली, "अरे, इकडे ये! हिला चाल सापडली!"

मी तोंडाला साबण लावलेला तसाच आलो. "कसली चाल?"

"कागदाची. कागदाला चाल असते. चालीच्या दिशेने फाडला की सरळ जातो, आडवा फाडला की कुठेही भरकटतो. बघ." त्यांनी आडवं फाडलं. पट्टी मध्येच वळली आणि बातमीचं नाक कापून बाहेर पडली. "मला हे कळायला उस्तादाच्या दोन थपडा खाव्या लागल्या होत्या. हिने बसल्या बसल्या केलं!"

"बाबा, तिने फक्त ओढलं."

"उस्तादही तेच म्हणायचे, नुसतं ओढ, जोर लावू नको."

आजवर मी दहावी पास झालो, नोकरीला लागलो, डेपोत मला एकदा शाबासकीचं पत्र मिळालं. बाबांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, जसं ते त्या फाटक्या पट्टीकडे पाहत होते. जाऊ द्या.

त्या दिवसापासून आमच्या घराला आवाज लागला. फर्र, फर्र. उभ्या फाडलेल्या पट्ट्या म्हणजे गवत, शेपट्या, दाढ्या आणि पाऊस. आडव्या फाडलेल्या वेड्यावाकड्या म्हणजे डोंगर आणि ढग. कारभारीण आडवं फाडायची, पट्टी भरकटायची, ती बाबांकडे बघून म्हणायची, "वाकडं?" बाबा मान तिरकी करून तपासायचे आणि म्हणायचे, "वाकडं. चालेल." मग ती खदखदून हसायची आणि ढब्बू ती पट्टी खायचा.

सामान सगळं घरातलंच. टेलरकाकूंच्या दोऱ्याच्या रिकाम्या कोनाला डोळे काढले की तो कोंबडा. वापरलेली चहापत्ती उन्हात वाळवून खळीवर पसरली की जमीन. अर्ध्या बटाट्याचा ठसा बिटाच्या पाण्यात बुडवून उमटवला की फूल, किंवा ढब्बूच्या मते जेवण. काकूंनी डबाभर बटणं देऊ केली होती, ती बाबांनी परत पाठवली. "गिळतील. नको." काय गिळलं जाईल याचा अंदाज त्यांना हळूहळू येत होता. पण सगळ्यांत भारी होता तो मासा. कॅलेंडरच्या मागच्या पुठ्ठ्याचा मासा बाबांनी हातानेच मोडून, दुमडून काढला आणि पोरांनी त्याला कांद्याच्या सुक्या सालांचे खवले चिकटवले. लाल, पिवळसर, चकचकीत, एकावर एक. शेपटी कारभारणीने फाडली, आडवी. असली शेपटी की तो मासा पोहला असता तर गोलच फिरत राहिला असता. बाबांची बोटं ती शेपटी कातरायला शिवशिवत होती, मी बघत होतो. पण त्यांनी हात मांडीखाली घातला. मासा भिंतीवर लागला.

संध्याकाळी ताई आली. दारातच थांबली. कारभारीण आबांच्या, म्हणजे बाबांच्या, पाठीला पाठ लावून बसली होती आणि दोघं मिळून जुना लिफाफा फाडत होती. मग ताई मला हळूच म्हणाली, "शुक्रवारी कळवते त्यांना. येते म्हणून." मी हेर म्हणून अहवाल दिला: सगळं ठीक, ढब्बूचं वजन वाढलं.

आणि मग माशाला मुंग्या लागल्या.

पिठाची खळ ती. हवा गरम, दोन दिवसांत आंबली आणि रात्रीत मुंग्यांची रांग भिंतीवर चढली. सकाळी उठून बघतो तर माशाचे निम्मे खवले जमिनीवर आणि शेपटी लोंबकळतेय. कारभारीण येऊन उभी राहिली आणि तिने असा सूर लावला की काकू शिवण टाकून धावत आल्या. बाबांना पोरीच्या रडण्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून वेगळंच काही लागलं. ते मुंग्यांकडे बघत म्हणाले, "माझ्या हातचं काम मुंग्यांनी खाल्लं? आयुष्यात नाही झालं असं!"

"दुसरा मासा करू की," मी म्हटलं.

"करूच. आणि असा करू, की मुंगी वास घेऊन परत जाईल." त्यांनी पातेलं गॅसवर चढवलं. मी डबा घेऊन डेपोत गेलो. तो शुक्रवार होता.

दुपारी माझा एक सोबती चहाच्या टपरीवरून आला आणि म्हणाला, "काय रे, तुझे बाबा बघितले आत्ता. दोन काखांत दोन पोरं, पायात चप्पल नाही, शर्ट सगळा पांढरा चिकट, नुसते धावत होते रस्त्याने."

मी हसलो. "बाबा? पोरांना काखेत घेऊन? दुसरं कुणीतरी असेल."

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ताई नवीन पर्स घेऊन बसली होती. कामाला न्यायची म्हणून आणलेली. फोन तिच्या हातात होता. आईची ड्यूटी त्या दिवशी लांबली होती, ती नुकतीच इस्पितळातून येऊन पाय धूत होती. टेलरकाकू ढब्बूला न्यायला आलेल्या, पण बाबांनी त्यांना थांबवलं होतं. पोरं खिडकीपाशी पट्ट्या फाडत होती, धडधाकट. बाबा उभे होते. घरात सगळे असताना आमचे बाबा उभे राहत नाहीत.

"फोन करायच्या आधी ऐक," ते ताईला म्हणाले. मग काकूंकडे वळले, "आणि वहिनी, तुम्हीही ऐका. आज खळ शिजवली. मुंग्या लागू नयेत म्हणून पेटी उघडली आणि डबीतला मोरचूद काढून चिमूटभर टाकला. घोटला. गार करून पोरांसमोर ठेवली."

काकूंना कळलं नाही. आईला कळलं, तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मोरचूद म्हणजे निळं विष. कीड लागू नये म्हणून बांधणीच्या खळीत घालतात. पुस्तकाला कुणी चाटत नाही म्हणून चालतं.

"विचार करून टाकला असता तर टाकलाच नसता," बाबा म्हणाले. "हाताने टाकला. खळ दाटली की चिमूट टाकायची, हे हाताला इतकी वर्षं ठाऊक आहे. डोक्याला विचारलंच नाही त्याने."

"तोंडात गेलं?" आईने नर्सच्या आवाजात विचारलं.

"ढब्बूचं बोट भरलेलं होतं. तोंडाकडे चाललं होतं. बोट पांढरं दिसायला हवं, ते किंचित निळं दिसलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बोट हातात पकडलं तिथेच."

"खात्री?"

"ओठाला लागलं नाही. तरी दोघांचं हात-तोंड धुतलं आणि दोघांना उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ, तोंड सगळं पाहिलं. काही गेलेलं नाही म्हणाले. तुला दाखवायला नाव लिहून घेतलंय त्यांचं, विचार त्यांना. मग तसाच बांधणीखान्यात गेलो आणि डबी देऊन आलो. घरात आता चिमूटभरही नाही. पातेलंही टाकलं."

फर्र, असा खिडकीपाशी आवाज आला.

बाबांनी खिशातून पेटीची किल्ली काढून आईसमोर ठेवली. मग ताईकडे बघून म्हणाले, "पोटात काही गेलं नाही. पण जाऊ शकलं असतं. तू ठरवायच्या आधी तुला कळायला हवं होतं. आता त्यांना नाही म्हणून सांगितलंस, तरी मी काही म्हणणार नाही."

खरं सांगतो, मी त्यांच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो. कुणी पाहिलं नव्हतं. पोरं झालेलं सांगायच्या वयाची नव्हती. फोन ताईच्या हातात तयार होता, आणखी एक मिनिट थांबले असते तर "येते" म्हणून सांगून मोकळी झाली असती. आठवडाभर त्या पोरांच्या पायाशी बसून मिळवलेलं सगळं त्यांनी आपल्या हाताने जमिनीवर ठेवलं होतं.

आधी तोंड उघडलं ते टेलरकाकूंनी. त्या ढब्बूला उचलून घट्ट धरून बसल्या होत्या, चेहरा उतरला होता. "भाऊ," त्या म्हणाल्या, "चिडले असते मी. आत्ताही चिडलेय. पण गेल्या महिन्यात यानं माझ्यासमोर माझा खुणेचा खडू खाल्ला, अख्खा. मी याच्या आईला अजून सांगितलेलं नाही." आणि जरा थांबून, "आज सांगते."

ताई बाबांकडेच बघत होती. "पाळणाघरातल्या बाई हुशार होत्या," ती म्हणाली. "त्यांना सगळं यायचं. गाणी, चित्रं, सगळं. तरी मी पोरगी काढून घेतली. का काढली, बाबा?"

"टेंगूळ आलं म्हणून."

"टेंगूळ आलं म्हणून नाही." तिने पर्स बाजूला ठेवली. "मला चूक न करणारं माणूस नकोच आहे. असतं कुठे तसं? मला सांगणारं माणूस हवं होतं." आणि तिने तिथेच, आमच्यासमोर, फोन लावला. "हॅलो, हो, सोमवारी येते. हो, मुलीची सोय झाली. घरीच. माझे वडील सांभाळतात."

'माझे वडील सांभाळतात' हे वाक्य आमच्या घरात याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. आईने टॉवेल डोळ्यांना लावला आणि म्हणाली, पाय धुताना पाणी उडालं.

मग तिला तिच्या स्वभावाप्रमाणे अट घालावीच लागली. "सगळं खरं. पण यापुढे खळ झाली की पोरांच्या आधी तुम्ही खायची. माझ्यासमोर. चमचाभर."

"खातो," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या शर्टाकडे पाहत होतो. पांढरी खळ वाळून कडक झाली होती, छातीवर, दोन्ही काखांत, खांद्यावर, जिथे जिथे पोरं घट्ट दाबून धरली होती तिथे तिथे. मला फोटो आठवला. हातभर लांब धरलेला मी. मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, चला, निदान या माणसाला पोर कसं धरायचं ते आलं. शिकायला जरा वेळ लागला, पण बांधणी पक्की निघाली.

सोमवारी सकाळी ताई पर्स लटकावून दारात उभी. आईला ड्यूटीला उशीर होत होता, तरी थांबली होती. बाबांनी नव्या पातेल्यातून चमचाभर खळ काढली, फुंकर घातली आणि सगळ्यांकडे बघत खाल्ली. तोंड अजिबात वाकडं केलं नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"मीठ कमी आहे."

ढब्बूने आ वासला. तेव्हापासून ही रीतच पडली आहे. आधी आबा, मग ढब्बू आणि उरली तर कागदाला. गल्लीतल्या आणखी दोघींनी आपापली पोरं आणून सोडली आहेत. त्यांना बाबांची बांधणी ठाऊक नाही, कागदाची चाल ठाऊक नाही. त्यांना एवढंच कळलंय की बाइंडरकडे पोर ठेवलं की तो संध्याकाळी सगळं सांगतो. भाजीवाला मला परवा म्हणाला, "तू बाइंडरचा मुलगा ना?" आधी मी नुसती मान हलवायचो. आता म्हणतो, "हो. धाकटा." जणू थोरला असतो तर आणखी मान मिळाला असता.

त्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा भिंतीवर नवा मासा होता. खवले जाग्यावर, शेपटी आडवी फाडलेली, कातरलेली नाही. बाबा दारात उभे राहून दिवसाचा हिशेब देऊ लागले. "ढब्बूने कोंबड्याची चोच खाल्ली, कागदाचीच होती. हिने त्याला एकदा ढकललं, लागलं नाही. दूध अर्धं सांडलं. आणि, हे बघ, दुपारी मी..." ते जरा अडखळले.

कारभारीण त्यांच्या दोन पायांमधून पुढे आली. ताईकडे मान वर करून, अगदी गंभीरपणे, तिने राहिलेलं सांगून टाकलं.

"आबा झोपला. घूर्रर्र."

"हो," बाबा म्हणाले. "तेच सांगत होतो."